चुबुक... चुबुक... घर्रर्र!

शांतता शोधायला कयाकमध्ये बसावं, तर मागून स्पीडबोट! गोवा-कोकणच्या खाड्यांत वल्हंवाले आणि इंजिनवाले आता एकाच पाण्यात उतरलेत. वरवर पाहता भांडण आवाजाचं आहे. खरा मामला आहे लाटेचा, आणि कुणाला कोण दिसतं याचा.

कयाकिंगचा फंडा एकदम सिंपल. प्लॅस्टिकची लांबट होडी, दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं, अंगावर लाइफ जॅकेट... की निघालात! लायसन्स नको, पेट्रोल नको. इन्स्ट्रक्टर दहा मिनिटांत जेवढं शिकवतो तेवढ्यावर पहिला तास आरामात निघतो. आठवडाभर डेडलाइन, अप्रेझल आणि हिंजवडीचं ट्रॅफिक झेललेल्या जिवाला आणखी काय हवं? शुक्रवारी रात्रीची स्लीपर बस, शनिवारी गोवा नाहीतर मालवण, आणि रविवारी पहाटे थेट खाडीत. पाण्यावर धुकं, कांदळवनाच्या मुळांशी खेकडे, फांदीवर खंड्या, आणि कानावर फक्त वल्ह्याचं चुबुक... चुबुक...

आणि मग घर्रर्र!

आधी आवाज येतो. मग पेट्रोलचा वास. मग बोट, तिच्यावर हात हलवणारं एखादं पब्लिक, आणि बोट निघून गेल्यावर सगळ्यात शेवटी लाट. खंड्या कधीच उडालेला असतो. तुम्ही मात्र दोन्ही हातांनी होडी धरून डुगडुगत बसलेले असता आणि मनातल्या मनात (कधीकधी मोठ्यानेही) त्या बोटवाल्याच्या सात पिढ्यांची आठवण काढता.

राग येणं साहजिक आहे. पण रागाचा पत्ता बहुतेक वेळा चुकतो. आपण चिडतो आवाजावर, आणि आवाज हा त्यातला सगळ्यात कमी धोक्याचा भाग! उलट तेवढी एकच गोष्ट तुम्हाला आधी कळवते, की बाबा रे, मागून कुणीतरी येतंय.

पाण्यावर कोण कोण?

पणजीला मांडवीच्या काठावर नुसता अर्धा तास उभे राहा. नांगर टाकून उभ्या कसिनो बोटी, त्यांच्याकडे गिऱ्हाइकं नेणाऱ्या-आणणाऱ्या लाँच, संध्याकाळी गाण्यांच्या दणदणाटात निघणाऱ्या रिव्हर क्रूझ, रायबंदर आणि चोडण बेटाच्या मध्ये फेऱ्या मारणारी फेरीबोट, मासेमारीचे ट्रॉलर. आणि खाणी चालू असल्या की खनिज वाहणारे अजस्र बार्ज. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा ही बार्जची रांग गायब झाली होती. सरकारदरबारी ही नदी म्हणजे चक्क हायवे आहे. २०१६ च्या कायद्याने देशात १११ राष्ट्रीय जलमार्ग ठरले, त्यात मांडवीचा नंबर ६८, आणि तिला झुआरीशी जोडणाऱ्या कुंभारजुवे कालव्याचा २७. हायवेवर सायकल चालवताना जे होतं, तेच इथे कयाकचं होतं.

आणि याच नदीच्या कुशीत चोडणच्या टोकाला डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटरचं कांदळवन. कयाकवाल्यांची धाव असते ती अशाच जागांकडे, म्हणजे मोठ्या नदीला फुटलेल्या चिंचोळ्या फाट्यांकडे. तिथे मोठी बोट शिरत नाही, पण आउटबोर्ड इंजिन लावलेली टुरिस्ट बोट बिनधास्त शिरते.

सिंधुदुर्गात देवबागला वेगळीच गंमत. कर्ली नदी समुद्राला मिळते त्या भागात, त्सुनामी आयलंड म्हणून फेमस झालेल्या वाळूच्या पट्ट्याभोवती, जेट-स्की, बनाना बोट, बंपर राइड असा सगळा मेळा. तिथून थोडं आत गेलं की माड, शांत पाणी आणि पाग टाकणारा एखादा म्हातारा. दोन्हीमध्ये भिंत नाही, दोरी नाही, पाटी नाही.

हो, आणि त्या म्हाताऱ्याला विसरू नका. आपण कयाकवाले आज आलो. वल्ह्याची होडी घेऊन जाळं टाकणारे, ओहोटीला कमरेएवढ्या पाण्यात उतरून तिसऱ्या वेचणाऱ्या बायका, हे लोक आपल्या कितीतरी आधीपासून या पाण्यात आहेत. स्पीडबोटीची लाट त्यांनाही लागते. फरक एवढाच की ते ऑनलाइन रिव्ह्यू लिहीत नाहीत.

अठरा सेकंदांचं गणित

जरा आकडेमोड करू, घाबरू नका. स्पीडबोट ताशी ४० किलोमीटरने येतेय असं धरा. म्हणजे सेकंदाला साधारण ११ मीटर. ती २०० मीटरवर असताना तुम्हाला कळलं, तर तुमच्यापर्यंत पोहोचायला तिला लागतात १८ सेकंद. आरामात वल्हवणारा नवशिका ताशी ५ किलोमीटरने जातो, म्हणजे १८ सेकंदांत २५ मीटर. बरं वाटलं ना? पण त्यातले सात-आठ सेकंद आवाज कुठून येतोय हे कळण्यात, मान वळवण्यात आणि होडीचं नाक फिरवण्यात गेले. उरले दहा. दहा सेकंदांत तुम्ही जाता १४ मीटर. एसटीच्या लांबीहून थोडंसंच जास्त.

हे झालं तुमच्या बाजूने. आता बोटवाल्याच्या सीटवर बसून बघा. कयाकमध्ये माणूस जवळजवळ पाण्याच्या पातळीवर बसतो. लांबून दिसतं ते फक्त डोकं आणि खांदे, आणि थोडी लाट असली की तेही अधूनमधून गडप. सूर्य समोर असेल तर चकाकणाऱ्या पाण्यावरचा तो एक काळा ठिपका. बहुतेकदा तो उर्मट नसतो, त्याला तुम्ही दिसलेलेच नसता!

रोइंगवाल्यांची तर आणखी पंचाईत. शर्यतीची एकट्याची होडी साधारण आठ मीटर लांब आणि जेमतेम फूटभर रुंद, वजन १४ किलोच्या आसपास. आणि वल्हवणारा बसतो पाठमोरा! कुठे चाललोय ते दिसत नाही, कुठून आलो तेवढं दिसतं. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्याचा दत्तू भोकनळ याच खेळात २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये तेरावा आला आणि २०१८ च्या एशियन गेम्समध्ये चौघांच्या शर्यतीत सोनं घेऊन आला. अशा होडीला वीतभर लाटही पुरते. म्हणून परदेशात रोइंगचे कोच ज्या मोटरबोटीतून सोबत जातात, ती मुद्दाम दोन अरुंद सांगाड्यांची, कमी लाट उठवणारी निवडतात.

मधला स्पीड सगळ्यात वाईट

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि सगळ्यात कमी लोकांना माहीत असलेलं. समजुतीने वागणारा बोटवाला काय करतो? तुम्हाला बघून थोडा स्पीड कमी करतो. ‘थँक यू दादा!’ म्हणून तुम्ही हात करता, आणि पुढच्याच क्षणी आधीपेक्षा दुप्पट मोठी लाट अंगावर येते. असं कसं?

त्याचं काय आहे, स्पीडबोट हळू चालते तेव्हा ती पाणी बाजूला सारत जाते आणि लाट छोटी उठते. फुल स्पीडला ती पाण्याच्या वर उचलली जाते आणि जवळजवळ घसरत जाते. तेव्हाही लाट तुलनेने कमी असते. पण या दोन्हींच्या मधल्या स्पीडला बोटीची शेपटी पाण्यात रुतते, नाक आभाळाकडे जातं आणि ती नांगरासारखी पाणी उपसत निघते. सर्वांत मोठी लाट उठते ती इथे. आणि कहर म्हणजे नाक वर गेल्यामुळे नेमकं तेव्हाच चालवणाऱ्याला समोरचं नीट दिसत नाही. म्हणजे अर्धवट कमी केलेला स्पीड तुम्हाला दोन्हीकडून मारतो.

म्हणून खरी माणुसकी दाखवायची तर एकतर बऱ्याच आधीपासून पूर्ण हळू व्हायचं, अगदी चालण्याच्या वेगाने. नाहीतर लांबून, भरपूर अंतर ठेवून सरळ निघून जायचं. जवळ येऊन अर्धा थ्रॉटल सोडणं ही सगळ्यात वाईट आयडिया. इंग्लंडमध्ये थेम्स नदीच्या भरती न पोहोचणाऱ्या भागात ताशी ८ किलोमीटरची मर्यादा आहे, म्हणजे झपाझप चालणाऱ्या माणसाइतकी. ती उगीच नाही.

लाटेचा आणखी एक हिशोब आहे. तिची उंची दुप्पट झाली की ताकद चौपट होते. ती फक्त तुमच्या होडीवर आदळत नाही, काठावरही आदळते. गोव्यात नदीकाठी खाजन जमिनी आहेत, मातीच्या बांधांनी खारं पाणी अडवून शेकडो वर्षं भात पिकवलेल्या. बांधाला भरती-ओहोटीची सवय असते. दर दहा मिनिटांनी बसणाऱ्या इंजिनाच्या धक्क्यांची नसते.

डावीकडून नको, उजवीकडून!

पाण्यावर ट्रॅफिकचे नियम असतात का? असतात की! १९७२ मध्ये जगातल्या देशांनी मिळून टक्कर टाळण्याचे नियम ठरवले, ते १९७७ पासून लागू आहेत, आणि भारतानेही ते स्वीकारलेत. समुद्राला आणि जहाजं जाऊ शकतील अशा त्याला जोडलेल्या पाण्याला ते लागू होतात. या नियमांत ‘नौका’ म्हणजे पाण्यावर वाहतुकीला वापरता येईल असं काहीही. म्हणजे तुमची भाड्याची पिवळी कयाकसुद्धा नौकाच, बॉस!

पहिला धक्का : चिंचोळ्या मार्गात प्रत्येकाने आपल्या उजव्या काठाने जायचं. रस्त्यावर आयुष्यभर डावीकडून गाडी चालवणाऱ्या आपल्यासारख्यांना हे हमखास उलटं वाटतं. समोरासमोर आलेल्या दोन मोटरबोटींनीही उजवीकडे वळायचं असतं. एखादा नवशिका कयाकवाला सवयीने डावीकडे सरकतो, बोटवाला नियमाने उजवीकडे वळतो, आणि दोघेही पुन्हा एकमेकांसमोर!

दुसरा धक्का जरा जास्त जोराचा. कुणी कुणाला वाट द्यायची याची या नियमांत एक उतरंड आहे. इंजिनवाल्याने शिडाच्या होडीला वाट द्यायची, दोघांनी मासेमारी करणाऱ्या नौकेला, वगैरे. या यादीत वल्ह्याच्या होडीचं नावच नाही! तिचा उल्लेख येतो तो दिव्यांच्या नियमात. अंधारात तिने शिडाच्या होडीसारखे दिवे लावावेत, ते नसतील तर पांढऱ्या उजेडाची बॅटरी हाताशी ठेवावी आणि टक्कर टळेल इतक्या आधी दाखवावी. शिवाय २० मीटरपेक्षा लहान कुठल्याही नौकेने मोठ्या जहाजाचा चिंचोळा मार्ग अडवायचा नाही, हे आहेच. म्हणजे बार्जपुढे आपला हक्क बजावत बसलात तर नियमही तुमच्या बाजूने नाही.

मग बोटवाल्याला रान मोकळं? तसंही नाही. सतत नजर ठेवणं आणि सुरक्षित वेगाने जाणं हे प्रत्येक नौकेला बंधनकारक आहे, समोर कोण आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. ते किती गंभीर आहे ते मुंबईने १८ डिसेंबर २०२४ ला बघितलं. गेटवेहून एलिफंटाकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर इंजिनाची चाचणी चाललेली नौदलाची स्पीडबोट आदळली आणि डझनाहून जास्त माणसं गेली. ती भली मोठी बोट होती, भर दुपार होती. कयाक तिच्यापुढे किस झाड की पत्ती?

नदी-खाडीसाठी आपल्याकडे १९१७ चा कायदा जाऊन २०२१ मध्ये नवा अंतर्देशीय नौका कायदा आला. कागद आहे. पण कांदळवनाच्या फाट्याच्या तोंडाशी ‘इथून पुढे हळू’ असं सांगणारी साधी तरंगती खूणही बऱ्याच ठिकाणी नाही, आणि माझ्या मते आज सगळ्यात जास्त गरज तिची आहे. बंदी वगैरे नंतर बघू.

आवाज बंद केला तर?

आता आवाजाकडे येऊ. पहाटे पाण्यालगतची हवा थंड आणि वरची त्या मानाने गरम असली, की आवाज वर न उडता खाली वाकतो आणि पाण्यावरून लांब-लांब जातो. म्हणून पलीकडच्या काठाचं बोलणंही पहाटे ऐकू येतं, आणि एक इंजिन अख्ख्या खाडीची झोप मोडतं. पाण्याखाली तर आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर, हवेच्या चौपटीहून जास्त. मांडवीच्या मुखापाशी ‘डॉल्फिन ट्रिप’वाल्या बोटी ज्यांच्यामागे धावतात ते डॉल्फिन कानांनीच बघतात, कानांनीच शिकार करतात. त्यांच्या भोवती चार इंजिनं गोल फिरवणं म्हणजे तुम्ही जेवत असताना कुणी डोळ्यांवर टॉर्च मारत राहावा तसं आहे.

उपाय नाहीत असं नाही. जर्मनीत बव्हेरियातल्या क्योनिग्सझे तलावात प्रवासी बोटी १९०९ पासून विजेवर चालतात. शंभर वर्षांहून जास्त! आपल्याकडे केरळात वैकमजवळ ‘आदित्य’ ही सौरऊर्जेवरची ७५ प्रवाशांची फेरी २०१७ मध्ये सुरू झाली, आणि एप्रिल २०२३ पासून कोची वॉटर मेट्रोच्या बॅटरीवर चालणाऱ्या बोटी धावतायत. त्यांचे सांगाडे लाट कमी उठावी अशा बेताने बनवलेत. बघण्यासारखी गोष्ट आहे.

पण थांबा! सगळ्या बोटी इलेक्ट्रिक झाल्या तर कयाकवाल्यांचे सगळे प्रश्न सुटले? लाट तर वेगाची आणि आकाराची असते, इंजिनाच्या जातीची नसते. आणि तो जो एक घर्रर्र इशारा मिळत होता, तोही गेला. इलेक्ट्रिक स्कूटर मागून गुपचूप येऊन दचकवते, तेच पाण्यावर. आवाज गेला तर वेगाची शिस्त दुप्पट कडक हवी.

शनिवारचे आपण, रविवारचे आपण

सरळ मोटरबोटींना हाकलून द्या, असं म्हणणाऱ्यांनी अमेरिकेतल्या मिनेसोटाची गोष्ट ऐकावी. तिथे कॅनडाच्या सीमेवर हजाराहून जास्त तलावांचं बाउंडरी वॉटर्स नावाचं जंगल आहे, कनूवाल्यांची पंढरीच. तिथल्या मोटरबोटींवर निर्बंध आणायचं ठरलं तेव्हा एली या गावात गावकरी भडकले. १९७७ च्या एका सुनावणीच्या वेळी त्यांनी सिगर्ड ओल्सन या निसर्गलेखकाचा पुतळा लटकवला. ओल्सन काही शहरातून आलेला उपरा नव्हता. एलीतच राहणारा, तरुणपणी कनूचा गाइड म्हणून काम केलेला, तेव्हा ७८ वर्षांचा माणूस. १९७८ मध्ये कायदा झाला, पण सरसकट बंदी नाहीच आली. ठरावीक तलावांवर, ठरावीक ताकदीपर्यंतची इंजिनं आजही चालतात. गावाचं पोट पर्यटकांवर होतं, आणि ते पर्यटक दोन्ही प्रकारचे होते.

देवबाग-कलंगुटचंही पोट तसंच आहे. पावसाळ्यात धंदा बंद, बाकीच्या महिन्यांत वर्षाची कमाई करायची. जेट-स्कीची राइड मिनिटांच्या हिशोबाने विकली जाते, म्हणून ती लांब समुद्रात न जाता काठाजवळच गोल गोल फिरते, म्हणजे जिथे कयाक असतात तिथेच. आणि त्या राइडचे पैसे कोण देतं? शनिवारी दुपारी ‘भैया, और फास्ट!’ ओरडणारा आणि रविवारी पहाटे कयाकमध्ये बसून ‘किती आवाज करतात हे लोक’ म्हणणारा, खूपदा एकाच ऑफिसच्या एकाच ग्रुपमधला असतो. कधीकधी तर तोच! गिऱ्हाईक आपण आहोत, तर शनिवारी ‘दादा, त्या होड्यांपासून जरा लांबून घ्या’ हेही आपणच सांगू शकतो. राइडची मजा कणभर कमी होत नाही.

बुकिंग करताना काय विचाराल?

रेट सोडून आणखी चार गोष्टी विचारा. पहाटेची बॅच आहे का? वॉटर स्पोर्ट्स सुरू व्हायच्या आत परत आलं की निम्मं टेन्शन संपतं. रूट कुठला, मोठ्या बोटींचा मार्ग किती वेळा ओलांडायचा आहे? जॅकेटला शिट्टी आहे का? नियमांत पाच किंवा जास्त छोट्या शिट्ट्यांचा अर्थ ठरलेला आहे : ‘तुझं काय चाललंय ते मला कळत नाहीये!’ इन्स्टावर छान दिसतं म्हणून काळं किंवा निळं जॅकेट मागू नका. भगवं, पिवळं, पोपटी घ्या. फोटो बरे येतील की नाही माहीत नाही, पण लांबून दिसाल. वल्ह्याची पाती उजळ रंगाची असली तर फारच उत्तम, कारण लांबून आधी नजरेत भरते ती त्यांची हालचाल. बोट येताना दिसली तर वल्हं उभं उंच धरून हलवा.

लाट आलीच तर होडी आडवी ठेवू नका. नाक लाटेच्या दिशेने थोडं तिरकं वळवा, कंबर सैल सोडा आणि वल्हवत राहा. थांबलेली कयाक चालत्या कयाकपेक्षा लवकर उलटते, सायकलसारखंच. चिंचोळ्या फाट्यात लाट काठावर आपटून परत येते, तेव्हा पहिली गेली म्हणून लगेच मोबाइल बाहेर काढू नका. आणि सगळे मिळून नदी ओलांडणार असाल तर एकामागोमाग लांबलचक रांग नको. घोळक्याने, सरळ रेषेत, सगळ्यात कमी अंतराच्या जागेवरून पार व्हा.

फेरीबोट दिसली तर तिच्या पुढून कधीच नाही, मागून जा. तिला ब्रेक नसतो. आणि मागून जातानाही दोन मिनिटं दम धरा, तिच्या पंख्याने घुसळलेलं पाणी अजून फिरत असतं.